पलीकडच्या काठाशी बोलणं

आमच्या ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं आणि तेवढ्यावरच भागवलं. इथेही घेणार नाही. घेतलं असतं तरी फार उपयोग नव्हता, कारण हाक मारली तरी ती त्यांना ऐकू जायची नाही.

हे फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होते. भट्टीतून लालभडक लोखंड काढायचं, साच्यावर धरायचं आणि वरून घराएवढ्या यंत्रानं त्यावर ठोका घालायचा, असं ते काम. ठोका पडला की शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवरचे ग्लाससुद्धा हलायचे, असं म्हणत. पहिली दोन-तीन वर्षं हे घरी आल्यावर नुसते मोठ्यानं बोलायचे. मला वाटायचं, साताऱ्याकडचा गडी आहे, आवाजच मोठा. मग रेडिओ मोठा व्हायला लागला. मग शेजारीण सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "काल रात्रीच्या बातम्या आम्ही तुमच्याकडेच ऐकल्या हो." तेव्हा कळायचं ते कळलं.

गंमत अशी, की सगळंच बंद झालं नव्हतं. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, दार आपटलेलं ऐकू यायचं, हॅमरवरच्या जोडीदाराचा भसाडा आवाज तर चांगलाच ऐकू यायचा. पण सायकलची घंटी नाही, कुकरची शिट्टी नाही. बारीक, वरच्या पट्टीचं जे काही असेल ते नेमकं गळून जायचं. आणि आमच्या मुलीचा आवाज अगदी तसाच, सुईच्या टोकासारखा.

ती तेव्हा पाच वर्षांची होती. बालवाडीतल्या बाईंची नक्कल करायची तिला भारी हौस. काहीही सांगून झालं की कमरेवर हात ठेवून विचारायची, "मी काय सांगितलं?" मग आपण ते पुन्हा म्हणून दाखवायचं. मी दाखवायची. हे मात्र मान हलवून "बरं, बरं" म्हणायचे. सुरुवातीला तिनं ते चालवून घेतलं. पुढे पुढे ती ह्यांना काही सांगेनाशीच झाली. बापाच्या मांडीवर बसायची, बटणांशी खेळायची, आणि सांगायचं असलं की उठून माझ्याकडे स्वयंपाकघरात यायची. हे तिच्या पाठमोऱ्या फ्रॉककडे बघत बसायचे. ह्या माणसानं एवढा तापलेला लोखंडाचा गोळा रोज हाताळला, कधी कुरकुर केली नाही. पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

आमच्या पिंपरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. रविवारी सगळं जग घरी, आणि आमची माणसं डबा घेऊन कारखान्यात. त्या वर्षी दसरा बुधवारी आला, म्हणजे लागून दोन दिवस सुट्टी. ह्यांनी आणि हॅमरवरच्या त्यांच्या जोडीदारानं आधीच बेत ठरवला होता, की पवनेच्या नव्या धरणावर जायचं आणि एक रात्र तंबू ठोकून राहायचं. बेत फक्त पुरुषांचा. जोडीदार ह्यांच्याहून थोडे मोठे, आणि कारखान्यातल्या हरेक गोष्टीचं हसू करणारे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे त्यांना घर खायला उठलं होतं.

पण खंडेनवमीला भलतंच झालं. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना आत सोडतात. मी मुलीला घेऊन गेले. एरवी जिथे कानात बोटं घालायची, तिथे शुकशुकाट. हॅमरला झेंडूच्या माळा, कपाळाला कुंकू लावल्यासारखा मधोमध लाल टिळा. हे मुलीला खांद्यावरून उतरवून समोर उभे राहिले. तिनं त्या धुडाकडे पाहिलं, दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले, मान कलती केली आणि विचारलं, "बाबा, हे झोपलंय का?"

आणि हे म्हणाले, "हो. आज त्याला सुट्टी. झोपलंय."

मी चमकून पाहिलं. मुलीनंही पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तर जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा भाव. घरात आल्यावर मला म्हणाले, "माझ्या कानाला काही झालेलं नाही. आपल्याकडं गोंगाट फार आहे. शिफ्टचा भोंगा, ट्रक, शेजारचा रेडिओ. शांत जागी मला सगळं ऐकू येतंय. पाहिलंस ना आज?" मग म्हणाले, "तुम्ही दोघीही चला धरणावर. तिथं आवाजच नाही. तिथं ती बोलेल आणि मी ऐकेन."

एवढ्या आशेनं हा माणूस कधी काही बोलला नव्हता. सणाच्या दिवशी घर सोडून रानात जायचं म्हणजे आळीत चर्चा होणार, हे मला दिसत होतं. पण मी नाही म्हणू शकले नाही. भाऊजी सकाळी विहारातली वंदना उरकून आले, आमच्याकडे आपट्याची पानं ठेवलेली पाहून म्हणाले, "चला वहिनी, यंदाचं सीमोल्लंघन कामशेतच्या पलीकडं." त्यांच्या खांद्यावर ताडपत्री आणि लोखंडी पाइपांचा भारा होता. तंबूचे खांब त्यांनी भंगारातल्या पाइपांतून स्वतः बनवून घेतले होते, एकात एक बसणारे. "असं फिटिंग बाजारात मिळायचं नाही," असं गाडीत त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी शेवटी झोपेचं सोंग घेतलं.

कामशेतला उतरून एसटीनं धरणापर्यंत, आणि तिथून पाण्याच्या कडेकडेनं चालत. धरणाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पाऊस सरलेला, पाणी काठोकाठ भरलेलं आणि हलायचं नाव नाही. समोर तुंगचा सुळका, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं, मधल्या खाचरांत भात पिवळं पडायला लागलेलं. वाऱ्याबरोबर आंबेमोहराचा वास यायचा आणि मला भूक लागायची. मी गाव सोडून पिंपरीत आल्यापासून इतकी मोकळी जागा पाहिली नव्हती. तिथे पोचल्या पोचल्या मला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले. कुणाचे ते सुचेना, म्हणून मी पाण्यालाच हात जोडले.

तंबू उभा करताना भाऊजींची फजिती झाली. पाइप इतके चोख बसवले होते, की चालताना त्यांत थोडी रेती गेली आणि ते एकमेकांत शिरेनात. एक निम्म्यावर जाऊन अडकला. ना पुढे, ना मागे. शेवटी कारखान्यातले हे दोन पट्टीचे हॅमरवाले ओढ्यातला धोंडा घेऊन त्यावर ठोके घालत बसले. तंबू उभा राहिला, थोडा कलता. पण ते खांब पुन्हा कधी सुटे झाले नाहीत. परतताना ते तसेच अख्खे एसटीच्या टपावर टाकून आणावे लागले, आणि कंडक्टरनं मांडव मोडून आलात का म्हणून विचारलं.

ह्या ठोकाठोकीनं वरच्या वस्तीवरची एक म्हातारी म्हैस हाकत खाली आली. आम्ही कोण, कुठले, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "पान्याच्या कडंला झोपू नगा. पानी आता चढत न्हाई, पन गारठा लई धरतोय. वर सरा जरा." आम्ही तंबू वर सरकवला, तो खांबांसकट उचलूनच सरकवावा लागला. मग तिनं आमच्या मुलीकडे निरखून पाहिलं. मुलगी ह्यांचं बोट धरून उभी होती, पण बोलत होती माझ्याशीच. म्हातारीनं विचारलं, "पोरगी बापाशी बोलत न्हाई व्हय?"

हे शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून बरं. मी म्हटलं, "बोलते की. तिचा आवाज बारीक आहे." म्हातारीनं मान डोलावली, पदरातल्या दोन काकड्या मुलीच्या हातात दिल्या आणि म्हैस घेऊन गेली.

ऊन उतरलं तशी शांतता दाट होत गेली. पिंपरीत शांतता म्हणजे दोन शिफ्टच्या मधली थोडीशी फट. इथे ती बसून राहिलेली. भाऊजी मुद्दामच सरपण गोळा करायला लांब गेले. हे पाण्याजवळच्या खडकावर बसले, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बोल आता. काय सांगायचं ते सगळं सांग."

तिच्याजवळ सांगायला होतंच. दुपारी आम्ही भडंग खात होतो, तेव्हा कपारीतून एक खेकडा आला आणि तिच्या पायाजवळ पडलेला शेंगदाणा नांगीत धरून तिरका तिरका पळून गेला होता. हे तेव्हा तंबूशी झगडत होते, त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं ते सगळं पाण्याकडे तोंड करून, रंगवून रंगवून सांगितलं. मी मागे भाकरीचं पीठ मळत होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. हे डोळे मिटून, मान वाकवून ऐकत होते. सांगून झाल्यावर ती वळली आणि कमरेवर हात ठेवले.

"मी काय सांगितलं?"

ह्यांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ हलले. "बरं, बरं," एवढंच बाहेर आलं.

ती काही रडली नाही. खडकावरून उतरली आणि माझ्याकडे येऊन भाकरीच्या पिठाशी खेळत बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खंडेनवमीला ह्यांनी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. गालाखाली धरलेले ते दोन तळहात पाहिले होते.

थोड्या वेळानं मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "कानात एक शिट्टी आहे. हॅमरपाशी असलो की ती दबून जाते. म्हणून मला वाटायचं, बाहेरच्या आवाजानं ऐकू येत नाही. इथं बाहेर काहीच नाही. नुसती शिट्टीच आहे." लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं. मी काही बोलले असते तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि ते काही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. मग जेवणं झाली आणि आम्ही लवकरच आडवे झालो.

सकाळी उठले तर पाण्यावर धुकं. हे आधीच उठून गेले होते. आम्ही उतरलो होतो तिथे धरणाच्या पाण्याचा एक अरुंद फाटा डोंगरात शिरला होता; त्याला वळसा घालून ते पलीकडच्या काठावर वाळकी लाकडं गोळा करत होते. धुकं विरलं तसे दिसले. माणूस ओळखू येईल एवढंच अंतर, पण हाक पोचायला घसा फोडावा लागला असता.

भाऊजींनी तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला होता. आधण आलं तसे ते उठून काठावर उभे राहिले. ह्यांचं लक्ष जाईपर्यंत दोन्ही हात हलवले आणि मग अंगठा ओठाला लावला. पलीकडून ह्यांनी एका बोटावर दुसरं बोट आडवं ठेवून दाखवलं. भाऊजींनी डोक्याला हात लावला आणि परत चुलीपाशी येऊन बसले.

मुलगी बघत होती. "काका, तुम्ही काय केलं?"

"चहा घेणार का विचारलं."

"मग बाबा काय म्हणाले?"

"अर्धा कप." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली. "अगं, हॅमरपाशी कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तुझ्या बाबालाही नाही आणि मलाही नाही. आम्ही दिवसभर हातानंच बोलतो. तळवा दाखवला की थांब. बोट गोल फिरवलं की पुन्हा. डोक्याला हात लावला की समजलं." आणि हसून म्हणाले, "तुझा बाबा तिथं भयंकर बडबड्या आहे राव. साहेब येऊन दम देतो."

बडबड्या! इतक्या वर्षांत हे आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांना घरी हातवारे करायला लाज वाटायची. लोक मुका म्हणतील, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. कारखान्यातली भाषा ते कारखान्यातच टांगून यायचे, कामाच्या कपड्यांबरोबर.

मुलगी केव्हा उठली ते मला कळलं नाही. पाहते तर ती कालच्या खडकावर चढून दोन्ही हात हलवत होती. पलीकडे ह्यांनी मान वर केली. तिनं अंगठा ओठाला लावला. ह्यांना वाटलं, भाऊजी पुन्हा विचारतायत. त्यांनी अर्धा कप दाखवला. मग ते थबकले. हातातली मोळी त्यांनी हळूच खाली ठेवली.

तिनं तळवा दाखवला. थांब. मग खाली वाकून पायाजवळचं काहीतरी उचलल्यासारखं केलं, तोंडात टाकलं, चावलं. शेंगदाणा. मग दोन्ही हातांची बोटं फेंदारून, गुडघे वाकवून खडकावर तिरकी तिरकी चालली, डावीकडे, उजवीकडे, आणि दोन बोटांच्या नांगीत तो शेंगदाणा पकडून पाठीमागे लपवला. मग सरळ उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

मी भांडं हातात धरून तशीच उभी होते. चहा उतू गेला तरी भाऊजींनीही उतरवला नाही.

पलीकडच्या काठावर आमचे हे, हॅमर शॉपमधले, चांगले सहा फुटी, गुडघ्यांत वाकले आणि बोटं फेंदारून चिखलातून तिरके तिरके चालले. दोन बोटांत शेंगदाणा पकडला. पाठीमागे लपवला. मग उभे राहून सगळा जोर लावून ओरडले, "खेकडा! तुझा शेंगदाणा खेकड्यानं पळवला!"

तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. वरच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. मुलीनं डोक्याला हात लावला आणि खडकावरच उड्या मारायला लागली. मी मात्र खाली बसून रडले. भाऊजी दुसरीकडे बघून म्हणाले, "धूर फार झाला वहिनी."

त्या दिवशी दोन्ही काठांवरून ते दोघं किती बोलले, त्याला सुमार नाही. हे लाकडं घेऊन लवकर परतायला तयार नव्हते आणि ती खडकावरून उतरायला तयार नव्हती. म्हातारी पुन्हा म्हैस घेऊन आली, थोडा वेळ हा तमाशा पाहिला आणि मला म्हणाली, "काल म्हनलं बोलत न्हाई. ही तर थांबतच न्हाई की." निघताना मी तिला भडंगाची उरलेली पुडी दिली. खरं तर तिच्या पायाच पडायचं होतं, पण ती म्हणाली असती, मी काय केलं? आणि तिनं तसं काही केलंही नव्हतं. त्या दोन दिवसांत जे कुणी भेटलं त्या सगळ्यांच्याच पाया पडावंसं वाटत होतं मला, खेकड्यासकट.

ह्यांचा कान पुढे सुधारला नाही. तसा चमत्कार होणारही नव्हता. पण "बरं, बरं" म्हणून मान हलवणं त्यांनी त्या सकाळपासून सोडलं. समजलं नाही की बोट गोल फिरवायचं, पुन्हा. सुरुवातीला आळीत हसले लोक, मग त्यांचीच पोरं ह्या खुणा शिकली. भाऊजींना मुलगा झाला, तोही आमच्याकडे आला की अंगठा ओठाला लावून चहा मागायचा. मीही शिकले. फक्त माझे हात बहुतेक वेळा पिठात, त्यामुळे माझं बोलणं तोतरं. अडकलेले ते खांब आमच्या गॅलरीत आडवे बांधले. कितीतरी वर्षं मी त्यांवर कपडे वाळत घातले. फिटिंग चांगलं होतं, यात शंका नाही.

मुलगी मोठी झाली, हायवेपलीकडून बसनं शाळेला जायला लागली. हे तिसऱ्या पाळीवरून परत यायचे ती तीच वेळ. रस्त्याच्या अलीकडे हे, पलीकडे ती, आणि मध्ये ट्रक, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या. बाकीचे आईबाप आपल्या पोरांना काही सांगायचं तर घसा फोडून ओरडायचे, आणि तरीही पोरं "काय? काय?" करायची. आमच्या ह्या बापलेकीचं त्या गोंगाटात निवांत बोलणं चालायचं. मी गॅलरीतून, त्याच खांबांवर कपडे टाकत, बघत असायची.

एका सकाळी तिचं सांगणं चालू असताना मध्ये एक लांबलचक ट्रेलर आला आणि उभाच राहिला. तो सरकेपर्यंत तिची बस चार पावलं पुढे येऊन थांबली होती. तिच्या मैत्रिणी चढल्या. कंडक्टरनं घंटी मारली. ह्यांनी नुसता हात हलवून तिला जा म्हटलं असतं तरी चाललं असतं. सांगण्यासारखं काही विशेष नव्हतंच, डब्यात आईनं परत दोडकाच दिलाय, एवढंच तिचं गाऱ्हाणं होतं, ते मला संध्याकाळी कळलं. पण ह्यांनी बोट वर केलं आणि गोल फिरवलं. पुन्हा.

तिनं बसकडे पाहिलं. मग तळवा दाखवला, थांब. बस निघून गेली. तिनं दप्तर खांद्यावरून काढून फुटपाथवर ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले, आणि बापाला पहिल्यापासून सांगायला लागली.